दोन बोटं उजवीकडे

१

गाडी शेडमध्ये आली की राजशेखर आधी तिच्या पोटाखाली शिरायचा. गाडीचा मालक बाहेर उभा राहून फुटलेल्या दिव्याकडे नाहीतर चेंबलेल्या बॉनेटकडे बोट दाखवत हळहळत असायचा आणि ह्याचे नुसते पाय बाहेर दिसायचे. वरचा पत्रा म्हणजे त्याच्या लेखी गाडीचे कपडे. ठोकर बसल्यावर तळाचा सांगाडा कुठे वाकला आणि किती वाकला, हे खरं. तो मापात नसेल तर वरून हवा तेवढा रंग चढवा, गाडी रस्त्यावर खेकड्यासारखी तिरकीच पळणार. चिंचोळी एमआयडीसीत हे काम करणारा तो एकटा नव्हता, पण आपण एकटेच आहोत असा त्याचा थाट असे. लग्न केलं नव्हतं. कुणी विषय काढलाच तर ‘बेंचाशी झालंय की’ म्हणून मोकळा व्हायचा.

बेंच म्हणजे जमिनीत पक्का बसवलेला लोखंडी चौथरा. गाडीचा मधला भाग, जिथे माणसं बसतात तो, चार क्लॅम्पांनी ह्या चौथऱ्याला आवळायचा. त्याचा मध्य काढायचा. त्या मध्यावरून गाडीचं नाक आणि शेपूट मोजायचं आणि जे सरकलं असेल ते साखळी लावून, जॅकचा जोर देऊन जागेवर ओढायचं. सगळी मदार मधल्या भागावर. म्हणून गाडी बेंचावर चढवण्याआधी सीटा काढायच्या, कार्पेट उचलायचं, मधल्या भागाची रुंदी मोजायची आणि तो धड असल्याची खात्री करून घ्यायची. ह्या एका गोष्टीवरून राजशेखरनं आपल्या कारागिराला, ईरप्पाला, इतकं झापलं होतं की तो बिचारा झोपेतसुद्धा रुंदी मोजत असेल.

आणि ह्या गाडीच्या वेळी राजशेखरनं स्वतःच ती मोजली नाही.

गाडी त्याच्या धाकट्या भावाची होती. सोमशेखर, घरात सोमा. तो बायकोला, दानेश्वरीला, घेऊन मोडनिंबला लग्नाला गेला होता. परत येताना एका फाट्यावर ट्रक आडवा आला आणि डाव्या बाजूवर आदळला. गाडी गरकन फिरली, तोंड दुभाजकावर आणि शेपूट खांबावर. दानेश्वरी डावीकडे बसली होती. ती जागीच गेली. सोमाला साधं खरचटलंसुद्धा नाही.

त्याचे एक्सरे चांगले आले. हाड मोडलं नव्हतं, नस दबली नव्हती. पण तो उभा राहीना. कुंभारीच्या घरी माजघरातल्या कॉटवर अंग पिळून पडलेला असायचा, कमरेच्या वरचा एकीकडे आणि खालचा दुसरीकडे. डॉक्टर म्हणाले, धक्का आहे, वेळ जाऊ द्या. विम्याची माणसं म्हणाली, गाडी भंगारात काढा. ते ऐकून सोमा इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलला.

“अण्णा, गाडी मोडू नगंस. तिची गाडी हाय ती.”

गाडी शेडमध्ये आली तेव्हा राजशेखरनं आधी काय केलं असेल, तर डाव्या बाजूवर ताडपत्री टाकून ती दोरीनं घट्ट बांधली.

“मालक, सीटा काढू का? मधलं बघाय पायजे की,” ईरप्पा म्हणाला.

“काय बघायचंय? मधल्याला काय झालेलं न्हाय. नाक आन् शेपूट गेलंय. क्लॅम्प लाव.”

ईरप्पानं वाद घातला नाही. ती ताडपत्री उचलायची त्यालाही हौस नव्हती. दोघांनी खालून हात घालून, चाचपडत क्लॅम्प आवळले. मोजलं तर नाक आणि शेपूट, दोन्ही डावीकडे दोन-दोन बोटं सरकलेली. एक टोक दुभाजकावर, दुसरं खांबावर, आणि दोन्ही सारखीच सरकली, ह्यावर राजशेखरनं एरवी डोकं खाजवलं असतं. त्या दिवशी त्यानं साखळी मागितली.

२

नाक ओढायला घेतलं तेव्हा सकाळ होती. साखळी ताणली की पत्रा आधी कुरकुरतो, मग एकदम सुटल्यासारखा सरकतो. तो क्षण कारागिराला कानानं कळतो. राजशेखरला कळला. त्यानं जॅक थांबवला, माप घेतलं आणि नाक मध्यावर आलेलं पाहून हात पुसला. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. आईचा होता. चंद्रव्वाला धड बोलताही येत नव्हतं.

“राजू, सोमा उटला रं. हे आत्ता उटला. कॉट धरून उबा हाय माज्यापुडं.”

राजशेखर तिथेच चौथऱ्याच्या कडेला बसला. त्याला रडू आलं आणि ईरप्पासमोर रडायला नको म्हणून त्यानं उगीच साखळी तपासली. डॉक्टर बोललेच होते की एक दिवस आपोआप उठेल. तो दिवस आज उगवला, एवढंच.

शेपटाचं काम त्यानं त्याच आठवड्यात काढलं. पत्रा कुरकुरला, सुटला, मध्यावर आला. ह्या खेपेला फोनची वाट तो पाहत होता असं म्हटलं तर त्याला राग येईल. पण फोन त्यानं खिशातून काढून समोर ठेवला होता, हे ईरप्पानं पाहिलं. आणि फोन वाजला.

“चालला की रं. अंगणापतूर जाऊन आला. काटीबी न्हाय घेतली.”

“बघा मालक, गाडी सरळ झाली तशी माणूसबी झाला,” ईरप्पा म्हणाला.

“चा सांग. लई डोकं चालवू नगं,” राजशेखर म्हणाला. पण तो हसला.

३

रविवारी तो कुंभारीला गेला. सोमा अंगणात लिंबाखाली खुर्ची टाकून बसला होता, ताठ, भरतीला उभ्या राहिलेल्या पोरासारखा. राजशेखरला बघून म्हणाला, “ये अण्णा. गाडी लई चांगली केलीस.”

गाडी त्यानं अजून पाहिली नव्हती. शिवाय बोलताना तो राजशेखरकडे बघत नव्हता. त्याच्या कानाच्या जरा बाजूला बघत होता, तिथे कुणीतरी उभं असल्यासारखा. राजशेखर सरकून त्या नजरेसमोर आला. नजर पुन्हा तेवढीच बाजूला गेली.

चंद्रव्वानं चहा आणला. पेला स्टुलावर ठेवला. सोमानं हात पुढे केला आणि पेल्याच्या उजवीकडे, मोकळ्या हवेत, बोटं मिटली. ती मिटलेली मूठ त्यानं ओठांपाशी नेली. फुंकर घातली. घोट घेतला. गळ्याची घाटी खाली-वर झाली, गिळल्याचा आवाज राजशेखरनं ऐकला. मग त्यानं मूठ खाली आणून उघडली आणि ओठ पुसले. स्टुलावरच्या पेल्यात चहावर साय धरली होती.

“अव्वा, साखर जास्ती झाली बग,” तो म्हणाला.

चंद्रव्वानं थोरल्याला माजघरात नेलं.

“रोज आसंच करतंय. ताटाकडं हात नेतंय, चावतंय, गिळतंय, ढेकर देतंय. आन् ताट हाय तसंच. म्या म्हनलं जेव की बाबा. तर म्हनतंय, अव्वा, आत्ताच जेवलो न्हव का आमी.”

“आमी?”

तिनं पदर तोंडाला लावला.

राजशेखर चौकटीला हात टेकून उभा होता. हाताला काळपट काहीतरी लागलं. चौकटीच्या उजव्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर, घासून घासून डाग पडला होता. सोमा रोज त्या दारातून जाताना तिथेच घासत होता. बघता बघता तो स्वतः आत आला, खांदा लाकडाला घासला, आणि त्याला ते जाणवलंसुद्धा नाही. त्याचा सदरा खांद्यावर लोंबत होता. गळ्याची हाडं वर आली होती. चेहरा मात्र सुखी होता. कॉटवर टेकल्यावर त्यानं डावीकडे मान वळवली आणि हळू आवाजात काही बोलला, मग थांबला, मग हसला. समोरून कुणी उत्तर दिल्यावर माणूस हसतो तसा.

दुपारी गावातले डॉक्टर सलाईन लावायला आले. सुई मनगटात गेली. रक्त आलं नाही, सोमानं हूं की चूं केलं नाही. बाटली मात्र संपत आली. डॉक्टर खूश होते. चंद्रव्वानं चादर सारखी करायला हात घातला आणि तशीच थांबली. गादी खालपर्यंत ओली होती. सुई मनगटातच होती आणि सगळं पाणी गादीत गेलं होतं.

“उद्या दवाखान्यात ॲडमिट करा,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी बॅग आवरली ती घाईनं. “पोटात काही गेलं नाही तर पोरगा आठवडाभर टिकायचा नाही.”

ते गेल्यावर राजशेखरनं पाण्याचा पेला सोमापुढे ठेवला. सोमाची बोटं हवेत मिटली. त्या मुठीच्या आणि पेल्याच्या मधल्या जागेत राजशेखरनं आपली दोन बोटं घातली. ती तिथे चपखल बसली.

आयुष्यभर मापं घेतलेला माणूस. नाक आणि शेपूट त्यानं एवढीच उजवीकडे ओढली होती.

४

चिंचोळीला परत जाताना तो स्वतःशी भांडत होता. माणूस म्हणजे काय मोटार नव्हे. सोमाच्या डोक्याला मार असेल, डोळ्यांत दोष असेल, उद्या मोठा डॉक्टर बघेल. मग सुईचं पाणी कुठे गेलं? सुई हलली असेल. अख्खी बाटली? ह्या प्रश्नाशी आलं की तो गाडी जोरात हाणायचा.

ईरप्पाला त्यानं घरून बोलावून घेतलं. रविवार असूनही ईरप्पा आला आणि मालकाचं तोंड बघून काही विचारायचं विसरला.

“ताडपत्री काढ.”

दोरी सोडली. ताडपत्री खाली पडली. राजशेखरनं डाव्या बाजूची सीट स्वतः काढली. सीटखाली दानेश्वरीची एक चप्पल निघाली. लग्नाला जायचं म्हणून नवी घेतलेली, खड्यांची. ती त्यानं अंगठ्यानं पुसली. ह्या वस्तूची भीती वाटून त्यानं एवढं मोठं काम आंधळ्यासारखं केलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि दानेश्वरीची आठवण आली. सणावाराला ती त्याच्या ताटात न विचारता पोळी वाढायची आणि ‘बेंचानं काय खायला घातलं का आज, भावजी?’ असं विचारायची.

कार्पेट उचललं. खालचा पत्रा चुण्या पडून उभा राहिला होता.

“रुंदी घे,” तो म्हणाला.

ईरप्पानं घेतली. पुन्हा घेतली. मग नुसता हात वर करून चार बोटं दाखवली.

डावी बाजू चार बोटं आत आली होती. म्हणजे तो जो मध्य धरून बसला होता, तो खरा मध्य नव्हताच. तो दोन बोटं उजवीकडे सरकलेला होता. नाक आणि शेपूट धड होती, निदान त्या बाबतीत धड होती. त्यानंच ती ओढून खोट्या मध्याला जुळवली होती. आता सगळी मापं एकमेकांशी बरोबर जुळत होती आणि सगळी चुकीच्या जागी होती.

“माजी चूक,” राजशेखर म्हणाला. ईरप्पानं हे शब्द त्याच्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

५

दुसऱ्या दिवशी त्यानं चंद्रव्वाला सांगितलं, दवाखान्यात न्यायला दुपारी येतो, तोवर सोमापुढे ताट वाढून ठेव आणि फोन चालू ठेव. गॅरेजात फोन टूलबॉक्सवर ठेवला होता. त्यातून कुंभारीच्या घरातला पंखा ऐकू येत होता.

उजवी बाजू क्लॅम्पात पक्की केली. नाक आणि शेपूट मोकळी सोडली. साखळी आता तिच्या बाजूला लावायची होती. जिथे दानेश्वरीचा दरवाजा होता तिथे, तळाच्या पट्टीला आकडा घातला आणि राजशेखरनं जॅक दाबला.

पत्रा कुरकुरला नाही. एरवी पहिल्याच दाबाला तो तक्रार करतो. हा गप्प राहिला. साखळी ताणून ताणून वाजायला लागली तरी गप्प.

“मालक, लई जड हाय,” ईरप्पा म्हणाला. “सीटा काडल्यात आपन. माणसं बसल्यागत कशी जड लागतीय?”

“गंज धरला आसंल.”

गाडी नवी होती. ईरप्पा साखळीपासून दोन पावलं मागे झाला.

राजशेखरनं पुन्हा दाबलं. बाजू बोटभर बाहेर आली. फोनमधून भांडं पडल्याचा आवाज आला.

“अव्वा, काय झालं?”

“पेला पाडला त्यानं.” चंद्रव्वाचा आवाज एकदम उजळला. “आरं, हात लागला की त्याचा पेल्याला. खरंच लागला.”

आता राजशेखरला थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. तो दाबत गेला. दुसरं बोट बाहेर आलं. चंद्रव्वा सांगत होती, घोटभर पाणी पोटात गेलं, ठसका लागला, अंगावर सांडलं बग. तिसरं बोट. भाकरीचा तुकडा मोडला. राजशेखर घामानं निथळत होता आणि हसत होता. चौथ्या बोटाला पत्रा सुटला. पण तो पत्र्याचा आवाज नव्हता. खोलीत कोंडून ठेवलेल्या माणसानं दार उघडल्यावर मोठा श्वास घ्यावा, तसं काहीतरी गाडीच्या आतून आलं. ईरप्पानं ते ऐकलं. तो शेडच्या बाहेर जाऊन उन्हात उभा राहिला आणि हाक मारली तरी आत आला नाही.

नाक आणि शेपूट राजशेखरनं एकट्यानं जागेवर आणली. तिरकी मापं घेतली, सरळ घेतली, रुंदी घेतली. गाडी कारखान्यातून निघाली असेल तशी झाली होती.

फोन अजून चालू होता. पंख्याचा आवाज येत होता. कुणीतरी जेवत होतं.

“अव्वा, जेवला का गं त्यो?”

“जेवतोय.” मग इतक्या हळू बोलली की त्याला फोन कानाला लावावा लागला. “राजू, लौकर ये तू. म्या भाईर जाऊन बसते.”

६

कुंभारीला पोचला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. चंद्रव्वा अंगणात, ऐन उन्हात, घराकडे पाठ करून बसली होती. गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं होतं. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला तरी तिनं वर पाहिलं नाही.

“जेवला ना पोटभर?”

“जेवला.”

“मग हितं का बसलीस?”

“तू जाऊन बग. मला परत बगायला लावू नगं.”

दाराशी तो थांबला. आत काय असणार, आपला भाऊ असणार, तो जेवला, जगला, ह्यासाठीच तर सगळं केलं. असं स्वतःला बजावत तो आत गेला. उन्हातून आल्यामुळे माजघरात आधी काही दिसेना. पंखा फिरत होता. जमिनीवर ताटं वाढलेली होती. एक नव्हे, दोन. चंद्रव्वानं दुसरं वाढलं नसणार. मांडणीतलं ताट कुणीतरी घेतलं होतं आणि मांडणीची भांडी खाली लवंडली होती.

सोमा ताटापुढे मांडी घालून बसला होता. हातात भाकरीचा तुकडा होता, बोटांना कालवण लागलं होतं. त्यानं मान वर केली आणि सरळ राजशेखरच्या डोळ्यांत पाहिलं. त्या नजरेत आता बाजूला बघणं राहिलं नव्हतं. भावाचे डोळे परत आलेले बघून राजशेखरचा जीव क्षणभर भरून आला. मग त्याला दिसलं की ते डोळे रडून रडून सुजलेले आहेत.

“अण्णा,” सोमा म्हणाला, “तिकडं ती धड हुती की रं.”

त्याच्या डावीकडे, कॉट आणि भिंतीच्या सांदीत, अंधार जास्त होता. दुसरं ताट तिकडे ओढलेलं होतं. राजशेखरनं तिकडे बघायचं नाही असं ठरवलं, पण आयुष्यभराची सवय, डोळा आपोआप जमिनीलगत गेला. ताटाच्या काठावर एक हात आला. काचेच्या हिरव्या बांगड्या होत्या, त्यातल्या काही फुटून कातडीत रुतलेल्या. हात भाकरी शोधत होता आणि त्याला ती सापडत नव्हती, कारण कोपर जिथे असायला हवं तिथे नव्हतं, आणि जिथे वाकायला नको तिथे तो हात वाकत होता. त्याच्यामागे पदर होता. पदराच्या आत खांदा केवढा आत दाबला गेला आहे, हे राजशेखरच्या नजरेनं त्याच्या मनाविरुद्ध मोजलं. त्यानं भिंत धरली.

“हसत हुती, बोलत हुती,” सोमा सांगत होता. “दोन घास मला भरवत हुती. सकाळी एकदम आमाला दोघान्लाबी वडलं कुणीतरी. म्या आलो. मग ती आली. तशी आली, ट्रकनं केली हुती तशी.”

“सोमा, चल. उठ. भाईर चल तू.”

“हिला सोडून?” सोमानं तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि डावीकडे अंधारात नेला. हात तिथेच थांबला. थोड्या वेळानं तो रिकामा परत आला. “लई दुकतंय म्हनती. मगाधरनं तुलाच सांगतीय, भावजी, भावजी करून. तुला ऐकू येत न्हाय व्हय?”

राजशेखर म्हणणार होता की नाही येत. पंखा फिरत होता, बाहेर अंगणात चंद्रव्वा काहीतरी पुटपुटत होती. मग वीज गेली, पंखा थांबला, आणि त्याला ऐकू आलं.